नळीवरचं घड्याळ

ट्रॉन्डहाइम, नॉर्वे
जानेवारी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, परवा व्हिडिओवर शेगडीच्या नळीला चिकटलेलं दिसलं ते घड्याळ नाही, थर्मामीटर आहे. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसं दगावल्याची बातमी तू पुन्हा पाठवलीस. ती उघडी कोळशाची शेगडी होती गं. ही बिडाची आहे, दाराला घट्ट दोरीची किनार आहे आणि धूर नळीतून थेट छपरावर जातो. तरीही विषारी वायूसाठी वेगळा अलार्म लावलाय, कारण ते काम थर्मामीटर करत नाही. त्याचं काम धुराडं सांभाळायचं.

बाबा, तुम्ही विचारलंत, आकडा खरा कशावरून? आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी गुंडाळलेली असते. दोन्ही धातू कमी-जास्त फुगतात, गुंडाळी पिळते आणि काटा फिरतो. ती मर्यादेबाहेर तापली की काटा कायमचा चुकायला लागतो. म्हणून घेतानाच बघायचं : आकडे स्पष्ट छापलेले हवेत, नुसते रंगाचे पट्टे नकोत, आणि लोहचुंबक दणकट हवा. मग ओव्हन 200 अंशांवर ठेवून आत लोखंडी तव्यावर वीस मिनिटं ठेवायचं. दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो, चाळीसचा असेल तर परत करायचं.

बसवायचं शेगडीच्या माथ्यापासून साधारण 45 सेंटिमीटर वर, सरळ नळीवर, वळणाजवळ नाही. इथे बरेच जण फसतात. नळी दुहेरी भिंतीची असेल तर बाहेरचा पत्रा थंडच राहतो, काटा खाली दिसतो आणि माणूस लाकडं घालत सुटतो. तिथे भोक पाडून आत जाणारी सळईच लागते, आणि तिचे आकडे जवळजवळ दुप्पट असतात. आमची नळी एकेरी आहे, त्यामुळे चुंबकाचं पुरतं.

काटा 115 ते 245 च्या मध्ये हवा. त्याखाली बराच वेळ राहिला तर धुरातली वाफ आणि डांबर थंड नळीला चिकटतं. आपल्या बंबाच्या नळीत धरते तशी कोरडी काजळी नाही ही, चकचकीत काळा थर. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की तोच पेट घेतो. लाकडात 20 टक्क्यांहून जास्त ओल असली तरी हेच होतं. 245 च्या वर बराच वेळ राहिला तर बीड वाकू शकतं, तडकू शकतं. शिवाय काटा जाळाच्या मागे राहतो, म्हणून 200 दिसले की लगेच हवेची झडप थोडी-थोडी बंद करायला घ्यायची, 245 ची वाट बघायची नाही.

आता इथली उलटी रीत. ही माणसं जाळ वरून लावतात! तळाला दोन-तीन जाड ओंडके, त्यावर बारीक फाटे, अगदी वर ढलप्या, आणि काडी त्या ढलप्यांना. आई, तू म्हणशील, असा जाळ पेटतो तरी का? पेटतो. खालून लावला की धूर वरच्या थंड लाकडातून न जळताच निघून जातो. वरून लावला की खालच्या लाकडाचा धूर ज्वाळेतून जातो आणि तिथेच जळतो. नळी लवकर तापते, ओढ लागते, काटा भराभर चढतो. झडप मात्र सुरुवातीला पूर्ण उघडी हवी. पहिल्यांदा बघून मलाही पटलं नव्हतं, आता हाताला तीच सवय झालीये.

तर काळजी नको. मी गारठत नाही, जेवतो वेळेवर.

चिऊच्या लग्नासाठी 60 हजार सोमवारी पाठवले, हॉलची अनामत आधी भरा. उरलेले मार्चमध्ये पाठवतो. बाबा, भटजींचे आणि मांडवाचे पैसे तुम्ही पेन्शनमधून देऊ नका, मी देणार म्हणालो होतो. मे महिन्यात सुट्टी आठच दिवसांची मिळतेय. साखरपुड्यालाही नव्हतो, हे चिऊ बोलून दाखवत नाही, पण मला कळतं. मी हळदीच्या आदल्या रात्री पोचेन. आई, त्या साताऱ्याच्या स्थळाचं तेव्हाच बोलू, तोवर त्यांना हो म्हणू नकोस.

बंबाची नळी मात्र लग्नाआधी कुणाकडून तरी झाडून घ्या. पाहुण्यांच्या आंघोळींना तो दिवसभर पेटता राहणार.

तुमचा
बाळ