जुन्या नोंदींचं विचारलंत, म्हणून

नमस्कार,

जँगोबद्दलच्या (पायथनमध्ये वेबसाइट बांधायची ती चौकट) माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलंत, त्याचे आभार मी तेव्हाच मानले होते. पण ते 'थँक्यू, चाललं' एवढ्यावर उरकले, याची रुखरुख लागून राहिली आहे. म्हणून हे सविस्तर.

मागणी साधी होती. जँगोच्या अ‍ॅडमिनमध्ये (म्हणजे नोंदी सांभाळायच्या आयत्या पानांवर) नोंद भरताना ड्रॉपडाउनमध्ये ज्याला त्याला आपल्याच विभागाचे प्रकल्प दिसावेत, तेही चालू असलेलेच. तुमच्याआधी एकाने डॉक्युमेंटेशन वाचायला सांगितलं (वाचूनच विचारत होते हो!). दुसऱ्याने अ‍ॅडमिन मुळात यासाठी नसतोच, यावर प्रवचन दिलं. तिसरे महाशय म्हणाले, नको ते पर्याय जावास्क्रिप्टने लपवून टाक. लपवून टाक! म्हणजे दाराला नुसतं कुलपाचं चित्र. ब्राउझरमधून कुणी दुसराच आयडी पाठवला, तर सर्व्हर तो मुकाट्याने घेणार.

तुम्ही मात्र उत्तर देण्याआधी विचारलंत, 'पर्याय कशावरून ठरतात? लॉगिन केलेल्या माणसावरून की उघडलेल्या नोंदीवरून?' अर्धा गुंता तिथेच सुटला. विभाग माणसावरून ठरतो, म्हणून फॉर्मफील्ड_फॉर_फॉरेनकी, म्हणजे अशा ड्रॉपडाउनचे पर्याय ठरवणारं फंक्शन; तिथे रिक्वेस्ट हाताशी असते, म्हणजे कोण लॉगिन आहे ते कळतं. क्वेरीसेटच (डेटाबेसमधून येणारी पर्यायांची यादी) गाळला की यादीबाहेरचा पर्याय सर्व्हर स्वतःच नाकारतो. झालं, चाललं.

तुमचं काम खरं तर इथे संपलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला: 'एक राहिलं. बंद पडलेल्या प्रकल्पांच्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्यात का?'

एक उघडली. प्रकल्पाच्या जागी नुसत्या रेघा; बंद प्रकल्प यादीतूनच गाळला गेला होता ना! आमच्याकडे ते फील्ड रिकामं ठेवलं तरी चालतं. म्हणजे कुणी तारीख दुरुस्त करायला नोंद उघडून सेव्ह केली असती, तर प्रकल्प पुसला गेला असता, आणि एररही आली नसती. महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं, तोवर किती नोंदी गेल्या असत्या कोण जाणे. उपायही तुम्ही सोबतच दिला होतात: प्रकल्प चालू आहे की नाही, ही गाळणी फॉर्मच्या इनिटमध्ये (फॉर्म तयार होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) लावायची आणि सेल्फ.इन्स्टन्सवर, म्हणजे उघडलेल्या नोंदीवर, आधीच निवडलेला प्रकल्प बंद असला तरी यादीत राहू द्यायचा.

हुशार माणसं मला पुष्कळ भेटली. ज्यांचं काहीच अडलेलं नाही, तरी दुसऱ्याच्या जुन्या नोंदींची काळजी रात्रभर डोक्यात राहते, अशी फार नाही.

आता हेच इनलाइनमध्ये, म्हणजे एका नोंदीच्या पानातच भरायच्या जोडनोंदींमध्ये, करायचं आहे. आधी स्वतः झटून बघते; अडलं तर कुणाला विचारायचं ते माहीत आहे.