सात नंबरचे गमबूट

पिंकी बेटा, जय भीम.

गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून बघितलं नाहीस. मी नळाजवळ उभा होतो, डबा आईने दिला म्हणून पुढे आलो नाही. आता दुकानात बसून मोबाईलवर टाइप करतोय, चुका समजून घे. गिऱ्हाईक नाही, हल्ली पासपोर्टवाले पण फोटो फोनवरच काढून आणतात अन् मला फक्त प्रिंट मारायला सांगतात.

तू सफाई कामगारांचे फोटो काढते त्या गटाराचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण झाकणाच्या काठावर पोटावर झोपून आत कॅमेरा धरला हे तू हसत हसत सांगितलंस ना, तेव्हापासून जेवण जात नाही. गटारातल्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येणंच बंद होतं अन् माणसाला वाटतं गॅस गेला. आजोबा म्हणायचे, झाकण उघडल्यावर झुरळं पळताना दिसली तरच उतरायचं. अन् आत कोणी पडलं तर तू कॅमेरा ठेवून उतरशील, मी ओळखतो तुला. एकाला काढायला दुसरा जातो अन् दोघंही वर येत नाहीत. फायर ब्रिगेडला फोन करायचा, बस्स. झालं माझं, आता नाही बोलणार.

फोटोग्राफर सुधारक ओलवे आपल्या अकोल्याचेच, हे तू मला काय सांगते? २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी दुकानात पेढे वाटले होते, माझा काही संबंध नसताना, बाळूकाका अजून चिडवतो. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांचे ते ब्लॅक अँड व्हाईट फोटो मी कितीदा बघितलेत. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, ते लांबून झूम करून होत नाहीत, त्या लोकांत दिवसच्या दिवस राहावं लागतं. पण ते पेपरात नोकरी करायचे हे पण बघ. पगार होता. तू लग्नाच्या ऑर्डरी सोडल्यास, सिंधूच्या वेळचं कर्ज अजून सगळं फिटलं नाही... जाऊ दे, परत लेक्चर सुरू झालं. सॉरी.

कायद्याचं तू बोललीस ते बरोबर होतं, मला तेव्हा कबूल करता आलं नाही. २०१३ चा कायदा म्हणतो साधनांशिवाय माणूस आत उतरवू नका, अन् २०२३ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या. म्हणजे उतरवतातच की. फोटो पाहिजेतच. पण ते तूच काढले पाहिजेत का, एवढंच माझं म्हणणं होतं.

आजोबांचा झाडू घेतलेला एक तरी फोटो आहे का, असं विचारलंस. नाही. भिंतीवरचा तो एकच आहे. अन् तो कोट पण त्यांचा नाही, दुकानातला आहे, नवरदेवांना फोटोपुरता द्यायचो तो, मागून क्लिपा लावल्यात. हात मागे घ्या असं मीच सांगितलं, बाह्या आखूड होत्या म्हणून, अन् नखं दिसू नयेत म्हणून पण. ते ड्युटीवरून तसेच आले होते, झाडू बाहेर भिंतीला टेकवून. रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते. दुसऱ्या दिवशी एका बारशाला वापरले.

तू पाठवलेला त्या ताईंचा फोटो, चहा पिताना, झाडू मांडीवर आडवा, त्याची बारा बाय अठराची प्रिंट मारलीय. काचेत लावली नाही अजून, लावीन. डाव्या बाजूला उजेड जरा फुटलाय, बाकी मला जमला नसता. त्यांना प्रिंट नेऊन दिलीस का? छोटी का होईना, दे. लोक फोटो काढून जातात अन् ज्याचा काढला त्याला तो कधी दिसत नाही.

बाळूकाका गुरुवारी मुंबईला येतोय, त्याच्यासोबत गमबूट पाठवतो. सहा नंबर मिळाला नाही, सात आहे, आतून दोन मोजे घाल. कोपरापर्यंतचे हातमोजे पण आहेत. पायाला खरचटलं असेल तर पावसाच्या पाण्यात उभी राहू नको, उंदराच्या मुताने लेप्टोचा ताप होतो, डॉक्टरला विचारून आधीच गोळ्या घे. अन् काठावर झोपायचं नाही. नाहीच.

आईला यातलं काही बोलू नको. तिला वाटतं तू ऑफिसात बसून फोटो निवडते. आपलं भांडण पैशावरून झालं असं मी सांगितलंय, तसंच राहू दे.

तुझा बाबा