बाबा, प्लॉट विकू नका

शेफिल्ड, मे २०२५

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्याशी खोटं बोललो, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. एप्रिलमध्ये आईनं विचारलं होतं, "मॅच कशी झाली रे?" मी "बरी झाली" म्हणालो आणि लगेच इंदूरच्या उन्हाचा विषय काढला. आई, मी ती स्नूकरची मॅच हरलो होतो. माझं टूर कार्डही गेलं, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत खेळण्याचा परवानाच. तुमच्या गुडघ्यांचं आणि बीपीचं निमित्त करून मी हे अजून महिनाभर लांबवलं असतं, पण काल दादानं सांगितलं की बाबा सुदामानगरचा प्लॉट विकायला निघालेत.

बाबा, तो विकू नका. पूर्ण पत्र वाचा आणि मग चिडा.

२०२३ मध्ये बँकॉकच्या क्यू स्कूलमधून, म्हणजे टूरच्या निवड स्पर्धेतून, कार्ड मिळालं तेव्हा आईनं अख्ख्या रामबागेत पेढे वाटले. ते कार्ड दोनच वर्षांचं असतं, हे मी तेव्हा हळू आवाजात सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही. बक्षिसाचे जेवढे पैसे जिंकू त्यावरच रँकिंग ठरतं. दोन मोसमांनंतर पहिल्या ६४ खेळाडूंत नाव नसेल तर बहुतेकांना बाहेर पडावं लागतं. वर्षाला २० हजार पौंडांची हमी असते, पण ती बक्षिसाच्या रकमेतून वळती होते, वरकमाई नसते. खोलीचं भाडं, सरावाच्या टेबलाचे पैसे, चीन आणि जर्मनीची तिकिटं, हॉटेल, सगळं त्यातूनच. एकदा चीनला गेलो, पहिल्याच फेरीत हरलो आणि बॅग न उघडताच परत आलो. त्या रात्री तुम्हाला विमानतळावरून फोन केला होता. "हॉटेल छान आहे" म्हणालो होतो.

आता त्या मॅचबद्दल. विश्वविजेतेपदाच्या मुख्य स्पर्धेत ३२ जण खेळतात. १६ मानांकित थेट जातात, बाकीच्या १६ जणांना इथल्या इंग्लिश इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमधल्या पात्रता फेऱ्यांतून यावं लागतं. आधी १० फ्रेम, म्हणजे डाव, घेईल तो जिंकतो. आम्ही ९-९ वर होतो. शेवटच्या फ्रेममध्ये समोरच्याचे ६१ गुण, माझे ५४, आणि टेबलावर फक्त पिंक आणि ब्लॅक उरलेले. पिंकचे सहा आणि ब्लॅकचे सात, म्हणजे माझे ६७ झाले असते. पिंक मधल्या पॉकेटजवळ होता. अवघड मुळीच नव्हता. जेल रोडच्या स्नूकर पार्लरमधले गुण मोजणारे मार्करकाका आठवतात ना बाबा? ते सांगायचे, "बॉल पॉकेटात पडल्याचा आवाज येईपर्यंत हनुवटी स्टिकवरून उचलायची नाही." मी उचलली. अगदी किंचित, आवाजाआधी. पिंक पॉकेटच्या दोन्ही ओठांवर खडखडला आणि बाहेर येऊन थांबला. त्यानं तो शांतपणे घातला. मी खुर्चीवर बसून टिपवरचा खडू अंगठ्यानं पुसत राहिलो. हॉलमध्ये बाकीच्या टेबलांवर खेळ चालूच होता.

त्या पार्लरमध्ये तुम्ही मला कान धरून न्यायला आला होतात, ते मला रोज आठवतं. मी सातवीत होतो. बाहेर स्कूटर चालूच ठेवून आत आलात, कारण दोन मिनिटांचंच काम होतं. मी शॉट घ्यायला वाकलो होतो. तुम्ही थांबलात. मग बाहेर जाऊन स्कूटर बंद करून आलात आणि मार्करकाकांना विचारलंत, "या काळ्याचे किती?" त्या दिवसापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगत आलात की १८७५ साली हा खेळ आपल्या जबलपुरात, लष्कराच्या मेसमध्ये जन्मला, पत्त्यांच्या क्लबात नव्हे. पहिली राज्य स्पर्धा जिंकलो त्या थंडीत रात्री बारा वाजता सराफ्यात नेऊन मला गराडू खायला घातलेत. घरात कमी आवाजात झालेलं प्रॉव्हिडंट फंडाचं बोलणंही मी ऐकलं होतं. झोपलो नव्हतो.

मागच्या आठवड्यात मी खोलीत बसून विश्वविजेतेपदाची फायनल बघितली. एकीकडे ५० वर्षांचे मार्क विल्यम्स. २०१७ मध्ये ते मुख्य स्पर्धेपर्यंतही पोचले नव्हते आणि पुढच्याच वर्षी विश्वविजेते झाले. दुसरीकडे झाओ शिनतोंग, फिक्सिंगच्या प्रकरणात २० महिन्यांची बंदी भोगून आलेला. त्याची चूक मी माझ्या हरण्याच्या शेजारी ठेवणार नाही, ती गोष्टच वेगळी. पण मी हरलो त्याच पात्रता फेऱ्यांतून, हौशी खेळाडू म्हणून, तो आला आणि १८-१२ नं जिंकला. चीनचा पहिला विश्वविजेता. मला आनंद झाला आणि छातीत दुखलंही.

आपले आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीला इंडियन ओपनच्या फायनलला पोचले, टूरवरच्या रँकिंग स्पर्धेत तिथवर जाणारे पहिले भारतीय. पंकज अडवानींनी २०१४ मध्ये टूर सोडली तेव्हा मी फार लहान होतो आणि मला त्यांचा राग आला होता. आता राग नाही. रिकाम्या खोलीत आठ महिने काढल्यावर माणूस घरी का जातो ते कळतं. बाबा, फेब्रुवारीत यशवंत क्लबवर तुम्ही त्यांना नॅशनल्स जिंकताना पाहिलंत आणि फोनवर अर्धा तास त्यांच्या सेफ्टी शॉट्सबद्दल बोललात. तेवढा वेळ मला एकटं वाटलं नाही.

तर माझं ठरलंय. बँकॉकची क्यू स्कूल मी पुन्हा खेळणार, स्वतःच्या उरलेल्या पैशांनी. ते पुरतात, मी दोनदा हिशेब केलाय. कार्ड मिळो न मिळो, तिथून सरळ इंदूरला येणार. नाही मिळालं तर नॅशनल्स खेळेन आणि मुलांना शिकवेन. शिकवायला मला आवडतं, हे इथे सरावाला येणाऱ्या एका पोरामुळे कळलं. प्लॉट तुमच्या म्हातारपणासाठी आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याआधी.

आई, तू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर माझे स्कोअर बघत बसायचीस, हेही दादानंच सांगितलं. आता झोपत जा.

आणि बाबा, माझी पहिली स्टिक माळ्यावर आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत ती काढून दिवाणावर आडवी ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, वाकते.

तुमचा,
धाकटा