रात्रीच्या वहीसाठी पत्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई, रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आमची दोघांची कुठल्या तरी आश्रमात सोय बघ." तेव्हापासून मला झोप नाही. तू किती थकली आहेस ते त्या एका वाक्यात कळलं. पण रात्री बाबांची कूस बदलायला दुसरं माणूस नाही, एवढ्यासाठी रामबागेतलं घर सोडायचं?

बाबा, लकवा झाला तेव्हा दवाखान्याचं बिल सरकारी आरोग्यविम्याच्या वय वंदना कार्डावर निघालं. सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना 2024 पासून मिळालेली ही सोय मोठी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांची औषधं, आणि तिथून पुढे सगळं तुमच्या पेन्शनीवर: दिवसाच्या मावशी, फिजिओथेरपी, डायपर. रात्रपाळी आईची, ती तर कुणी मोजतच नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम मोजून लिहिलाय. घरी येणाऱ्या मदतीचा असा आकडा त्यात नाही.

इथे अमेरिकेतही हेच होतं. आमच्या शेजारच्या आयोवा राज्यात केटी बेकेट नावाची मुलगी तान्ही असताना मेंदूज्वराने व्हेंटिलेटरवर गेली. पुढे घरी नेण्याइतकी सुधारली, तरी इस्पितळातच अडकली, कारण मेडिकेड ही सरकारी आरोग्ययोजना तिथलाच खर्च द्यायची. घरी कितीतरी कमी लागला असता! 1981 मध्ये खुद्द अध्यक्ष रेगन यांनी हे जाहीरपणे मांडलं, तेव्हा ती घरी आली. वय वर्षं तीन. त्याच वर्षी राज्यांना हा पैसा घरच्या सेवेकडे वळवायची मुभा मिळाली. पण मुभाच. नर्सिंग होमचा (आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, म्हाताऱ्यांना कायमचं ठेवतात ते) खर्च देणं बंधनकारक, घरची रोजची मदत बहुतेक ऐच्छिक. म्हणून अनेक राज्यांत लोक वर्षानुवर्षं यादीत थांबलेले असतात.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे मात्र राज्याच्या पैशातून बाई येते. अंघोळ घालते, स्वयंपाक करते, कपडे धुते. आजी आपल्याच पलंगावर झोपतात. त्यांच्या दारावरून जाताना दर वेळी तुम्ही आठवता.

आणि इतक्या लांब कशाला, केरळात पंचायतींच्या नर्स अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा बांधतात. 2008 मध्ये त्या राज्याने तसं धोरणच केलं. आपलं इंदूर तर रोज सकाळी दारोदार कचरागाडी पोचवणारं शहर. त्याला दारोदार नर्स पोचवता येणार नाही, हे मला पटत नाही.

आमदारांना आणि कलेक्टरांना मी निवेदन लिहायला घेतलंय. सोमवारपासून रात्रीच्या मावशी येतील, पैसे मी पाठवते. आई, नाही म्हणू नकोस. त्याआधी एवढं कर: दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहीत जा, रात्री किती वाजता उठलीस आणि कशासाठी. रविवारी फोनवर मला वाचून दाखव, मी उतरवून घेईन.

तुमची,
मीनू