आईच्या नात्याने इराणी का नाही? इराणच्या राष्ट्राध्यक्षांना खुले पत्र

माननीय डॉ. मसूद पेझेश्कियान यांस,
स. न. वि. वि.

मरियम मिर्झाखानी जुलै 2017 मध्ये गेल्या, तेव्हा इराणमधल्या काही वृत्तपत्रांनी रिवाज मोडून त्यांचा हिजाबाविना फोटो छापला. गणिताचं फील्ड्स पदक मिळवणारी जगातली पहिली स्त्री, तीही तेहरानची. सगळ्या देशाने तिला आपली म्हटलं. तिच्या लेकीला मात्र इराणी मानायला कायदा तयार नव्हता, कारण बाप झेक!

आपल्या नागरी संहितेचं 976 वं कलम म्हणतं, बाप इराणी असेल तर मूल जगात कुठेही जन्मो, ते इराणी. परदेशी बाईने इराणी पुरुषाशी लग्न केलं, तर तीसुद्धा इराणी. इराणी बाईने परक्याशी लग्न करायचं म्हटलं, की कलम 1060 आडवं येतं: आधी सरकारची परवानगी आणा.

मिर्झाखानींच्या निमित्ताने चर्चेला जोर आला आणि 2019 मध्ये आईकडूनही नागरिकत्व मिळू देणारा नवा कायदा झाला, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण बापाकडून जे आपसूक मिळतं, ते आईकडून अर्ज करून मागावं लागतं. मग गुप्तचर मंत्रालय आणि क्रांतिरक्षक दलाची गुप्तचर शाखा तपासणार, की या मुलापासून देशाच्या सुरक्षेला धोका नाही ना. रांगत्या पोरापासून?

मिर्झाखानींसारख्या प्राध्यापकांची मुलं यातून कशीबशी निभावून नेतात. खरी झळ बसते ती मशहद किंवा झाहेदानच्या गरीब बाईला. नवरा अफगाण मजूर, निकाह मौलवीने लावलेला, सरकारदरबारी नोंद नाही. नोंद नाही म्हणून अर्ज अडतो, अर्ज अडला म्हणून शेनासनामे, म्हणजे इराणी नागरिकाची ओळख-पुस्तिका, नाही. 2015 पासून कागदपत्रं नसलेल्या अफगाण मुलांना शाळेत घेऊ लागले, हे चांगलंच झालं. पण शाळा संपल्यावर बँकेतलं खातं, सरकारी अनुदान, रीतसर नोकरी, सगळीकडे तीच लाल पुस्तिका मागतात. 2025 मध्ये लाखो अफगाणांना सीमेपार धाडलं गेलं, तेव्हा अशा घरांत दारावरची प्रत्येक थाप कशी वाटली असेल, याचा विचार कुणी केला का?

आम्ही फार शहाणे, असं मुळीच नाही. भारतीय आईचं परदेशात जन्मलेलं मूल डिसेंबर 1992 पर्यंत आईच्या नात्याने भारतीय ठरत नव्हतं. मग कायदा बदलला, आई किंवा बाप कुणीही भारतीय असलं तरी चालू लागलं. देश काही बुडाला नाही.

आपला जन्म कुर्दबहुल महाबाद शहरातला. आपण अझेरी बोलता, कुर्दीही बोलता. इराणीपण एकाच वंशावळीत मावत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. 976 मध्ये बापाच्या बरोबरीने आई लिहा आणि अठराच्या आतल्या मुलांवरची ती सुरक्षेची चाळणी काढा, एवढंच मागणं आहे.

कायदे करणं माझ्या हाती नाही, संसदेचे कायदे तपासणारी पालक परिषद बसली आहे, असं आपण म्हणाल. पण 2019 चा कायदाही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूहानी यांच्या सरकारने विधेयक म्हणूनच मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, नेला होता आणि त्याच पालक परिषदेने तो मान्य केला होता. आपलं विधेयक कधी मांडताय, तेवढं कळवा.

आपला,
पुण्याचा एक नागरिक