'आता फक्त' हे दोन शब्द गाळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्करोगाच्या बातम्यांत 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे रुग्णाचं दुखणं कमी करणारी शुश्रूषा, हा शब्द हल्ली वरचेवर दिसतो. बहुतेक वेळा त्याच्या आधी 'आता फक्त' असतं. हे पत्र त्या दोन शब्दांसाठी आहे.

दोन वर्षांपूर्वी आईला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टर म्हणाले, "आता फक्त पॅलिएटिव्ह." आम्ही भावंडांनी त्याचा अर्थ 'घरी न्या' असा घेतला आणि तिला घरी आणलं. तीन आठवडे तिने रात्र रात्र कण्हत काढली. शेवटी कुणीतरी सांगितलं, पॅलिएटिव्हचे वेगळे डॉक्टर असतात. तिथल्या सिस्टरनी विचारलं, "आजी, दुखणं दहात किती?" आईला ते काही उमगेना. म्हणाली, "रुपयात बारा आणे." सिस्टरनी कागदावर तसंच लिहून घेतलं. दर चार तासांनी मॉर्फिन हे अफूपासूनचं वेदनाशामक, सोबत पोट साफ होण्याचं औषध. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "चार आणे राहिलंय," आणि मेथीची जुडी पुढे ओढून निवडायला बसली.

नंतर मी या शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. त्यावरून पॅलिएट, म्हणजे पांघरूण घालणं. इंग्रजीत तो दोष झाकण्यासाठीही वापरतात. आपलं 'पांघरूण घालणं'ही तसंच दुहेरी आहे. पण कुडकुडणाऱ्याच्या अंगावर गोधडी टाकली तर थंडी हटत नाही, माणसाचं कुडकुडणं थांबतं. यात हात टेकणं कुठे आलं? जागतिक आरोग्य संघटना तर सांगते की ही शुश्रूषा आजाराच्या सुरुवातीपासून, केमोथेरपी चालू असतानाही द्यावी. मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून कर्करोगाच्या रुग्णांची अशी शुश्रूषा करतं आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळणं मुश्कील झालं होतं; २०१४ मध्ये दुरुस्ती करून ती वाट मोकळी केली, ती याच रुग्णांसाठी.

पॅलिएटिव्हसाठीचा 'उपशामक' हा पारिभाषिक शब्द आमच्या आईसारख्यांना कळत नाही. 'आराम पडावा म्हणून उपचार' असं लिहा, चटकन कळेल. आणि जिल्हा रुग्णालयात ही सोय कुठल्या खोलीत, कोणत्या वारी असते, तेही बातमीखाली छापा. आम्हाला ते तीन आठवडे उशिरा कळलं.

आपला,
एक वाचक, कराड