कुलूप काढणाऱ्याचा हेतू आधी पाहा

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

कॉपीराइट कायदा आपल्या मंत्रालयाकडे येतो, म्हणून हे पत्र आपल्याला. मी नाशिकमध्ये प्रोग्रॅमर आहे. नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षांचा किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करणाऱ्या दृष्टिहीन मुलांना पुस्तकं ऐकता यावीत म्हणून मदत करतो. पुस्तक रीतसर विकत घेतलेलं असतं. पण ई-पुस्तकाला असं डिजिटल कुलूप असतं, की स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती एक अक्षर लागत नाही. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या शहरात पैसे मोजूनही पुस्तक वाचता येऊ नये, याचा मला संताप येतो.

२०१२च्या दुरुस्तीने कलम ५२मध्ये अपंग व्यक्तींसाठी वाचनसुलभ प्रत करायला मुभा मिळाली. त्याच दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं. ‘हेतू’ची अट घातली हे फार चांगलं झालं. ती नसली की काय होतं, हे दिमित्री स्क्ल्यारोव या रशियन प्रोग्रॅमरने भोगलं. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या ई-पुस्तकांचं कुलूप काढणाऱ्या प्रोग्रॅमवर त्याने काम केलं होतं. जुलै २००१मध्ये लास वेगासला व्याख्यान देऊन निघताना त्याला अटक झाली. एकही पुस्तक चोरल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता; अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात असं साधन विकणं हाच गुन्हा. पुढे तक्रार करणाऱ्या अडोबीनेही अंग काढून घेतलं, तरी डिसेंबरपर्यंत त्याला मायदेशी परतता आलं नाही. त्याच्या कंपनीला ज्यूरीने निर्दोष ठरवलं ते २००२च्या डिसेंबरात.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. कायदेशीर कारणासाठी दुसऱ्याला कुलूप काढायला मदत केली, तर त्याचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवा, असं ६५अचं परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेली अट, म्हणतं. अंध विद्यार्थ्यांच्या नावांची वही मी का ठेवायची? आणि साधन सर्वांसाठी मोफत खुलं केलं, तर कोणाकोणाची नोंद ठेवणार? माझ्या ओळखीच्या एका मुलीने असं साधन लिहिलं. वकिलाचा सल्ला ऐकून ते स्वतःपुरतंच ठेवलं. ज्यांना त्याची गरज होती, त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय मराकेश करारावर २०१४मध्ये सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारतच. त्या कराराचं सातवं कलम सांगतं, की कुलपांना दिलेलं कायद्याचं संरक्षण दृष्टिहीनांच्या सवलतीच्या आड येता कामा नये.

पुस्तकांच्या चोरट्या प्रती विकणाऱ्यांवर खुशाल खटले भरा, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण कलम ५२च्या कामापुरतं नोंदवहीचं परंतुक काढून टाका. आणि हक्कभंगाचा हेतू दिसल्याशिवाय केवळ साधन लिहिलं म्हणून कुणावर गुन्हा दाखल करू नये, असं लेखी परिपत्रक राज्यांच्या सायबर पोलिसांपर्यंत जाईल अशी व्यवस्था करा. दोन्हींबाबत आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक प्रोग्रॅमर, नाशिक